महासाथ आणि देशोदेशींचे प्रतिसाद : मिळालेल्या वेळेचा जमाखर्च

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविड-१९ संदर्भात जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचे घोषित केले. या सव्वातीन वर्षांत जगातील जवळजवळ प्रत्येक देशाला एकाच शत्रूशी सामना करावा लागला. परंतु प्रत्येकाची रीत निराळी होती. आपल्या रुग्णालयाचे हितचिंतक, देणगीदार आणि सभासद आजही विचारतात, ‘शेवटी बरोबर कोणाचे ठरले? कडक टाळेबंदी करणाऱ्यांचे, की न करणाऱ्यांचे?’ हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. पुढील संकटासाठी आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने आपला मर्यादित पैसा कशावर खर्च करावा, याचे उत्तर त्यात दडलेले आहे. प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे औषधोपचारांच्या चर्चेत न शिरता, व्यवस्थापनाच्या दृष्टीने या अनुभवाचा धांडोळा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

तुलनेपूर्वी मोजणीचा विचार

दोन संस्थांचे ताळेबंद शेजारी ठेवण्यापूर्वी दोन्हींची हिशेबाची पद्धत एकच आहे काय, हे पाहावे लागते. देशांच्या मृत्युसंख्येलाही हाच नियम लागू आहे. बेल्जियमने २०२० मध्ये वृद्धाश्रमांतील, चाचणी न झालेले परंतु संशयित असलेले मृत्यूही कोविडच्या खाती धरले. परिणामी त्या देशाचे आकडे शेजाऱ्यांपेक्षा भयावह दिसले. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये व्याख्या बदलली आणि चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यूच मोजण्याचे ठरविले. त्या एका निर्णयाने पाच हजारांहून अधिक मृत्यू यादीतून कमी झाले. याउलट दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने मे २०२१ च्या अखेरीस आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मृत्यूंचा आकडा सुमारे ६९ हजारांवरून एकदम १ लाख ८० हजारांवर गेला.

यासाठी तज्ज्ञ ‘अतिरिक्त मृत्यू’ हे माप अधिक विश्वसनीय मानतात. एरवीच्या वर्षांत जितके मृत्यू अपेक्षित असतात, त्यांहून किती अधिक झाले, ते या मापाने समजते. कारण काहीही लिहिलेले असो, मृत्यू लपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले; त्याच काळात अधिकृतपणे नोंदलेले कोविड मृत्यू मात्र सुमारे ५४ लाख होते. भारतासाठी संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता. भारत सरकारने त्या पद्धतीला हरकत घेतली. पुढे मे २०२५ मध्ये नागरी नोंदणीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत २०१९ साली सुमारे ७६ लाख, २०२० साली सुमारे ८१ लाख आणि २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेल्याचे दिसले. नोंदणीत सुधारणा झाल्याने काही वाढ झाली असेल. तथापि एका वर्षात वीस लाखांहून अधिक झालेली वाढ केवळ नोंदणीने होत नाही, हे उघड आहे.

दुसरी दक्षता वयाची. हा आजार वृद्धांना कित्येक पटींनी अधिक घातक होता. ज्या देशात चारांतील एकाहून अधिक व्यक्ती पासष्टीच्या पुढे आहेत, त्या जपानची आणि तरुणांच्या भारताची सरळ तुलना करता येत नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवूनच पुढील उदाहरणांकडे पाहावे.

क्रमवारी आणि प्रत्यक्ष

ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे संकटाच्या अवघे दोन महिने आधी, १९५ देशांच्या आरोग्य-सुरक्षिततेची एक आंतरराष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध झाली होती. तीत पहिला क्रमांक अमेरिकेचा, दुसरा ब्रिटनचा. न्यूझीलंड ३५ व्या आणि व्हिएतनाम ५० व्या स्थानी होते. प्रत्यक्षात अमेरिकेत ११ लाखांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले आणि न्यूझीलंडमध्ये महासाथीच्या संपूर्ण काळात अतिरिक्त मृत्यू जवळजवळ नव्हतेच. ब्रिटनच्या सार्वजनिक चौकशीने जुलै २०२४ च्या आपल्या पहिल्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, देशाने तयारी केली होती ती वेगळ्याच, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीची. कागदावरील सज्जता आणि वेळेवर हलणारी यंत्रणा यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते.

आधीच्या आघाताची पुंजी : तैवान व दक्षिण कोरिया

सन २००३ मध्ये सार्सच्या साथीने तैवानला मोठा हादरा दिला होता. त्या अनुभवातून तेथे कायदे बदलले, साथनियंत्रणाचे मध्यवर्ती केंद्र उभे राहिले आणि अधिकारांची साखळी ठरली. वुहान येथून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची तपासणी तैवानने ३१ डिसेंबर २०१९ रोजीच सुरू केली. मुखपट्ट्यांची निर्यात जानेवारीत थांबविली आणि ६ फेब्रुवारी २०२० पासून आरोग्य विम्याच्या कार्डावर, शिधापत्रिकेवर धान्य द्यावे तशा, मुखपट्ट्या वाटल्या. सुमारे २ कोटी ३० लाख लोकसंख्येच्या या प्रदेशात २०२० या संपूर्ण वर्षात फक्त सात मृत्यू झाले, तेही देशव्यापी टाळेबंदी न करता.

दक्षिण कोरियाला २०१५ मध्ये मर्सचा फटका बसला. परदेशातून परतलेल्या एका रुग्णापासून १८६ जणांना लागण झाली, ३८ मृत्यू झाले आणि बहुतांश प्रसार रुग्णालयांच्या आवारातच झाला. त्यानंतर तेथे आणीबाणीत चाचणी-संचांना त्वरित मान्यता देण्याची तरतूद करण्यात आली. तिचे फळ असे की, २७ जानेवारी २०२० रोजी अधिकाऱ्यांनी उत्पादक कंपन्यांना बोलावून घेतले आणि ४ फेब्रुवारीस पहिल्या संचाला मान्यता मिळाली. मोटारीतून न उतरता चाचणी, रुग्णाच्या संपर्कातील माणसांचा शोध आणि सौम्य रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्रे अशी रचना काही आठवड्यांत उभी राहिली. मात्र बाधितांच्या हालचालींचा तपशील जाहीर करण्याच्या पद्धतीमुळे व्यक्तीच्या खासगीपणाला धक्का लागतो, ही टीकाही तेथेच झाली आणि नियम सुधारावे लागले.

टाळेबंदीने काय मिळते : न्यूझीलंड आणि पेरू

टाळेबंदीची तुलना करताना हे दोन देश एकत्र पाहावेत. दोघांनीही मार्च २०२० मध्येच कडक निर्बंध लावले. न्यूझीलंडने १९ मार्चला परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केल्या आणि २५ मार्चपासून देश थांबविला. त्या दिवसापर्यंत तेथे कोविडने एकही मृत्यू झालेला नव्हता. पुढे १०२ दिवस समाजात एकही नवा स्थानिक रुग्ण आढळला नाही. मिळालेल्या सवडीत लस येईपर्यंत लोक सुरक्षित राहिले आणि २०२१ च्या अखेरीस बारा वर्षांवरील सुमारे नव्वद टक्के लोकांना दोन मात्रा मिळालेल्या होत्या. याची किंमतही होती. परदेशी असलेल्या स्वतःच्याच नागरिकांना मायदेशी परतण्यासाठी विलगीकरणातील जागेची सोडत लागण्याची वाट पाहावी लागे. आप्तांच्या अंत्यदर्शनासही कित्येक मुकले. एप्रिल २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने या पद्धतीने काही नागरिकांच्या मायदेशी येण्याच्या हक्काचा भंग झाल्याचे म्हटले.

पेरूने १६ मार्च २०२० रोजी, म्हणजे न्यूझीलंडच्याही आधी टाळेबंदी लावली. निर्बंध कडक होते, लष्कर रस्त्यावर होते. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात नोंदलेल्या मृत्यूंत हा देश जगात सर्वांत वर गेला. कारणे तपासली असता असे दिसते की, बहुसंख्य कामगार रोजंदारीवर अथवा असंघटित क्षेत्रात होते. घरी बसणे त्यांना परवडणारे नव्हते. अनेक घरांत फ्रिज नसल्याने बाजारात वारंवार जाणे अटळ होते आणि राजधानी लिमातील बाजारांत विक्रेत्यांची तपासणी केली असता त्यांच्यातील मोठा हिस्सा बाधित आढळला. सरकारने मदतीची रक्कम दिली; परंतु अनेकांची बँकेत खाती नसल्याने ती घेण्यासाठी रांगा लागल्या आणि त्याच रांगांतून रोग पसरला. अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या होत्या, प्राणवायूचे सिलिंडर मिळविण्यासाठी नातेवाईक रात्र-रात्र उभे राहत. आदेश दोन्हीकडे सारखाच होता. लोकांच्या राहणीशी तो जुळतो का आणि मिळालेल्या वेळेत रुग्णालयांची क्षमता वाढते का, यावर निकाल ठरला.

निर्बंधांविना : स्वीडन

स्वीडनने सक्तीऐवजी सल्ल्यावर भर दिला. सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू राहिल्या, दुकाने उघडी राहिली. पन्नासांहून अधिक लोकांच्या जाहीर कार्यक्रमांवर मात्र बंदी होती. पहिल्या वर्षी लोकसंख्येच्या प्रमाणात तेथील मृत्यू शेजारच्या नॉर्वे व फिनलंडपेक्षा अनेक पटींनी अधिक झाले. शासनानेच नेमलेल्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितले की, वृद्धांचे रक्षण करण्यात देश अपयशी ठरला. तासिक वेतनावरील बदलते कर्मचारी, डॉक्टर व परिचारिकांची अपुरी उपस्थिती, संरक्षक साधनांचा अभाव हे वृद्धाश्रमांतील दोष साथीच्या कितीतरी आधीपासूनचे होते. आयोगाच्या फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम अहवालात मात्र स्वेच्छेवर आधारलेले धोरण मूलतः योग्य असल्याचे, परंतु उपाय उशिरा व अपुरे योजल्याचे मत नोंदले आहे. विशेष म्हणजे तीन वर्षांचा एकत्रित हिशेब केला असता स्वीडनचे अतिरिक्त मृत्यू युरोपातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक ठरतात. शासनावर असलेला लोकांचा विश्वास, घरून काम करण्याची सोय, एकटे राहणाऱ्यांची मोठी संख्या आणि ज्येष्ठांचे वेगाने झालेले लसीकरण यांचा त्यात वाटा आहे. ज्यांनी पहिल्या वर्षाचाच आकडा पाहिला आणि ज्यांनी शेवटचाच पाहिला, ते दोघेही अर्धेच चित्र पाहतात.

सवड मिळूनही : हाँगकाँग

हाँगकाँगचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सार्सचा अनुभव गाठीशी असलेल्या या शहराने २०२१ च्या अखेरपर्यंत कोविडचे मृत्यू सुमारे दोनशेच्या घरात रोखले होते. लसीही भरपूर उपलब्ध होत्या. परंतु साथच नाही तर टोचून कशाला घ्यायचे, अशी भावना ज्येष्ठांत होती. दुष्परिणामांच्या वार्तांनी ती बळावली. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींपैकी दोन मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण २०२२ च्या आरंभी चतुर्थांशाहूनही कमी होते. फेब्रुवारीत ओमायक्रॉनची लाट आली आणि मे महिन्यापर्यंत सुमारे नऊ हजार मृत्यू झाले, त्यांतील बहुतेक वृद्ध होते. रुग्णालयांच्या बाहेर, थंडीत, उघड्यावर खाटा मांडाव्या लागल्या. त्याच उत्परिवर्तित विषाणूने न्यूझीलंड व सिंगापूर येथेही रुग्णसंख्या प्रचंड वाढविली. परंतु तेथील ज्येष्ठ लस घेतलेले असल्याने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच कमी राहिले. चीननेही डिसेंबर २०२२ मध्ये निर्बंध एकाएकी उठविले, तेव्हा लस न घेतलेल्या वा पूर्ण मात्रा न झालेल्या वृद्धांना त्याचा भार सोसावा लागला. अधिकृत माहितीनुसारच पाच आठवड्यांत रुग्णालयांत सुमारे ६० हजार मृत्यू झाले.

आपला अनुभव

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. स्थलांतरित मजुरांच्या पायपिटीने तिची किंमत आपल्या डोळ्यांसमोर आणली. त्याच काळात मुंबईतील धारावीने वेगळा मार्ग दाखविला. अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेत लाखो लोक आणि सार्वजनिक शौचालये, अशा वस्तीत ‘घरातच विलग राहा’ हा सल्ला निरर्थक होता. म्हणून १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यानंतर महानगरपालिकेने शाळा व सभागृहांत विलगीकरण केंद्रे उघडली, स्थानिक खासगी डॉक्टरांच्या साहाय्याने दारोदार तपासणी केली आणि विलग केलेल्यांच्या जेवणाची सोय केली. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२० मध्ये या प्रयत्नांचा गौरवाने उल्लेख केला. लोकांच्या राहणीला धरून उपाय योजला, हे त्याचे मर्म.

दुसऱ्या लाटेपूर्वी आपल्यालाही काही महिन्यांची सवड मिळाली होती. २०२० च्या अखेरीस रुग्ण घटले, तात्पुरती केंद्रे बंद झाली, लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू होऊन संथ गतीने चालले. फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण वाढू लागले आणि एप्रिल-मे मध्ये देशभर हाहाकार उडाला. पहिल्या लाटेत वैद्यकीय प्राणवायूची दैनिक मागणी सुमारे ३,०९५ टनांपर्यंत गेली होती. दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या आसपास पोहोचली. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला पाठवून प्राणवायू आणावा लागला. नाशिक येथे २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतील गळतीने पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. याच महाराष्ट्रातील नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्याने मात्र पहिली लाट ओसरल्यावरही प्राणवायू निर्मिती संयंत्रे उभारण्याचे काम थांबविले नाही आणि दुसऱ्या लाटेत तो जिल्हा तुलनेने सावरलेला राहिला. पुढे लसीकरणाने वेग घेतला. पुण्यात तयार झालेल्या लसीचा त्यात सिंहाचा वाटा होता आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठला गेला.

विश्वासाचा वाटा

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७७ देशांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सज्जतेच्या क्रमवारीतील गुणांचा आणि संसर्गाच्या प्रमाणाचा ठळक संबंध त्यात आढळला नाही. शासनावरील विश्वास आणि नागरिकांचा परस्परांवरील विश्वास जेथे अधिक, तेथे संसर्ग कमी आणि लसीकरण अधिक, असे मात्र दिसून आले. महाराष्ट्राला हे नवे नाही. २०२० मध्ये ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला गेला, तो १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. त्या वेळी पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांनी लोकांचा विश्वास असा गमावला की, रुग्ण लपविले जाऊ लागले. भीतीने लोक रोग झाकतात आणि झाकलेला रोग अधिक पसरतो.

आपल्या रुग्णालयापुरता अर्थ

या सर्व उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. टाळेबंदी, सीमाबंदी अथवा साथीतील उतार यांनी फक्त वेळ मिळतो. मिळालेल्या वेळेत ज्यांनी चाचण्या, प्राणवायू, मनुष्यबळ आणि ज्येष्ठांचे लसीकरण उभे केले, त्यांचे निर्बंध कारणी लागले. इतरांना निर्बंधांचाही खर्च सोसावा लागला आणि साथीचाही. आज आपण पुन्हा अशाच सवडीत आहोत. ती किती दिवसांची, हे कोणालाच सांगता येणार नाही.

त्या दृष्टीने चार बाबी सभासदांच्या विचारार्थ मांडाव्याशा वाटतात. पहिली, प्राणवायू निर्मिती संयंत्राची देखभाल. रोजच्या वापरात ते पूर्ण क्षमतेने चालत नाही, म्हणून त्यावरील वार्षिक करार अनावश्यक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बंद पडलेले यंत्र एप्रिल २०२१ सारख्या दिवशी चालू होत नाही. अग्निविम्याचा हप्ता आपण आग लागली नाही म्हणून वाया गेला असे मानत नाही. हा खर्चही त्याच सदरात धरावा. दुसरी, मनुष्यबळ. साथीत तात्पुरत्या नेमणुकांवर विसंबणे किती घातक असते, हे स्वीडनच्या वृद्धाश्रमांनी दाखविले आहे. म्हणून परिचारिका व सफाई कर्मचारी यांचे नियमित प्रशिक्षण आणि वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष सराव व्हावा. तिसरी, ज्येष्ठांची नोंद. आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या साठीपुढील रुग्णांची यादी सहव्याधींसह अद्ययावत असेल, तर लस आली की पहिला निरोप कोणाला द्यायचा हे त्याच दिवशी ठरेल. चौथी बाब मृत्यूच्या नोंदीची. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित झाले होते. प्रत्येक मृत्यूचे कारण अचूक लिहिणे, यास पैसा लागत नाही, काटेकोरपणा लागतो. दिवंगताच्या कुटुंबाच्या हक्कांसाठीही ते आवश्यक आहे आणि देशाच्या हिशेबासाठीही.

विश्वासाचे खाते मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना रोज खरी माहिती सांगणे, देयकाचा तपशील आधी समजावणे, गरीब रुग्णाच्या खाटेवर कोणाचीही शिफारस न चालणे, अशा नित्याच्या व्यवहारांतूनच ते खाते भरत जाते. संकटाच्या दिवशी आपण सांगू ते लोकांनी ऐकावे अशी इच्छा असेल, तर त्यापूर्वीच्या सामान्य दिवसांत आपली वागणूक तशी असावी लागते. साहित्य व यंत्रसामग्रीसाठी आपल्या उदार देणग्यांची आवश्यकता आहेच. प्राणवायू संयंत्राच्या देखभालीसाठी स्वतंत्र राखीव निधी निर्माण करण्याचा प्रस्ताव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळापुढे येत आहे. वरील अनुभव ध्यानी घेऊन सभासदांनी त्यावर आपले मत द्यावे, ही नम्र विनंती.